न्यूरो आयसीयूला पाच तारे, बिलिंगमुळे एक कापला

अण्णा (वय 67) स्कूटरवरून पडले. हेल्मेट डिकीत होतं. डोक्यात रक्तस्राव झाला, पण ऑपरेशन टळलं आणि चौथ्या दिवशी ते बोलायला लागले. पाचव्या संध्याकाळी त्यांनी मला 'बापू' म्हणून हाक मारली. बापू म्हणजे माझे काका, त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. आमचे हातपायच गळाले. पुन्हा रक्त साकळलं असणार!

ड्युटीवरच्या मॅडमनी सीटीला पाठवलं, पण त्याआधी सोडियमसाठी रक्त काढून घेतलं. सीटी होता तसाच. सोडियम मात्र 124. हवं 135 ते 145.

आत्या म्हणाली, 'मीठ कमी झालंय ना, मग सूपात घाला की!' आणि वर नारळपाणी घेऊन आली. सिस्टरनी ते दारातच अडवलं. तेव्हा राग आला होता. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम जेमतेम, हे नंतर कळलं.

मॅडम रात्री अकराला आम्हाला खुर्चीवर बसवून बोलल्या, म्हणून हा रिव्ह्यू लिहितोय. मेंदूला मार लागला की सोडियम दोन कारणांनी उतरू शकतं. एकात शरीर पाणी धरून ठेवतं आणि मीठ पातळ होतं, तिथे पाणी तोडतात. दुसऱ्यात लघवीवाटे मीठ आणि पाणी दोन्ही वाहून जातं. तिथे पाणी तोडलं तर पेशंट कोरडा पडतो, मेंदूचा रक्तपुरवठाही घटतो. रक्तातला आकडा दोन्हीकडे सारखाच, लघवीतलं सोडियमही दोन्हीकडे चढलेलंच. मग ओळखायचं कसं? त्यांनी चार्टवर बोट ठेवलं: 24 तासांत आत 2600 मिली, बाहेर 4100. जीभ सुकलेली, बीपी उतरलेलं, नाडी जोरात. म्हणजे दुसरा प्रकार.

3 टक्क्यांचं सलाईन पंपावर लावलं, थेंब थेंब. मी म्हटलं, 'मॅडम, जरा वेगाने सोडा ना.' त्या म्हणाल्या, 'काका, दिवसात आठाच्या वर चढवायचं नाही. घाई केली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.' दर चार तासांनी रक्त. पहाटे 126, दुसऱ्या रात्री 131, तिसऱ्या दिवशी 136. 131 ला अण्णांनी विचारलं, 'म्हशीचं दूध कोण काढतंय?'

आता एक तारा का कापला ते. प्रत्येक सोडियमची वेगळी पावती, आणि ती फाडायला तळमजल्यावर जायचं, रात्री दोनलासुद्धा. काउंटरवरचा माणूस उठवल्याशिवाय उठत नाही. शिवाय डिस्चार्ज कागदावर 'मिठाच्या कॅप्सूल' एवढंच, किती दिवस ते नाही, पुन्हा तपासणी कधी तेही नाही. अण्णा बीपीचे पेशंट, बारा वर्षं अळणी खाणारे. मी अडून बसलो तेव्हा सिस्टरनी पेनाने लिहून दिलं: पाच दिवसांनी सोडियम.

गावातच तपासलं. 138 आलं.