स्वच्छ, पुणे : दारातून कचरा नेणारी सेवा, चार वर्षांच्या अनुभवानंतर

रिव्ह्यू हॉटेलचे लिहितात, मोबाईलचे लिहितात, कचरा नेणाऱ्यांचा कोण लिहितो? पण सोसायटीच्या ग्रुपवर परवा परत तोच वाद झाला, "महिन्याची फी कशाला, कॉर्पोरेशनचा टॅक्स भरतोय ना", म्हणून म्हटलं लिहूनच टाकू.

तर स्वच्छ ही काही कॉन्ट्रॅक्टरची कंपनी नाही. ती कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, म्हणजे सकाळी तुमच्या दारात बकेट घेऊन येणारी ताई त्या संस्थेची सभासद असते, नोकर नाही. याचं मूळ 1993 सालच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीत, म्हणजे कचरावेचकांच्या संघटनेत. तोवर उकिरड्यावर, कुंडीत हात घालून पुठ्ठा-पत्रा वेचायचा आणि भंगारवाला देईल तो भाव घ्यायचा, वर लोक चोर समजायचे ते वेगळंच. डॉ. बाबा आढावांसारखी माणसं आणि एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणातले कार्यकर्ते सोबत होते, पण संघटना बायकांची, त्यातही बहुतेक दलित, आणि त्यांनी मागितलं काय तर दान नाही, ओळखपत्र! आम्ही काम करतो हे कुणीतरी कागदावर लिहून द्या, एवढंच. महापालिकेनं त्या ओळखपत्रांना मान्यता दिली, मग 2008 मध्ये दारोदारचा कचरा गोळा करायचा करार झाला आणि कुंडीतली बाई जिन्यात आली.

आता पैशाचं, कारण भांडण तिथंच आहे. महापालिका ताईंना पगार देत नाही. महापालिकेचा पैसा संस्थेचं ऑफिस, देखरेख वगैरेला. आपण देतो ती फी हीच ताईंची मजुरी, आणि सुक्या कचऱ्यातलं जे विकलं जातं ते वरचं उत्पन्न. म्हणजे तुम्ही फी बुडवली तर कॉर्पोरेशनचं काही अडत नाही, तिचा त्या महिन्याचा किराणा अडतो. आमच्याकडे एक काका दर महिन्याला "पुढच्या वेळी एकदम देतो" म्हणतात, लाखाची गाडी खाली उभी. असो.

सेवा कशी आहे? आमची ताई सकाळी येते, ओला-सुका वेगळा असेल तर दोन मिनिटांत पुढच्या दारात, एकत्र असेल तर तिथंच थांबून सांगते, आणि आवाज खणखणीत असल्यामुळे अख्ख्या मजल्याला कळतं कोणाच्या डस्टबिनमध्ये काय होतं 😄 माझी बायको पहिल्यांदा जाम वैतागली होती. मग एकदा मी खाली पार्किंगमध्ये ताई वर्गीकरण करताना थांबलो, दुधाच्या पिशव्या एकीकडे, पुठ्ठा एकीकडे, बाटल्या वेगळ्या, आणि त्यात आमच्याच घरची आमटी लागलेली रद्दी, जी आता कोणी घेणार नाही. चिप्सची चकचकीत पाकिटं तर भंगारात कोणी विचारतच नाही. आणि खरं सांगायचं तर चांगली रद्दी आपण रद्दीवाल्याला विकतो, पेटीतला पुठ्ठा वॉचमन ठेवून घेतो, तिच्या वाट्याला उरतं काय याचा हिशेब आपण कधी करत नाही. त्या दिवसापासून आमच्या घरी दुधाची पिशवी धुऊन सुकवतात. एवढी ट्रेनिंग मला लग्नात पण मिळाली नव्हती.

सॅनिटरी पॅडचं पण आहेच. 2016 च्या कचऱ्याच्या नियमात ते गुंडाळून द्यायचं लिहिलं होतं, स्वच्छवाल्यांनी त्यासाठी लाल ठिपक्याची मोहीम काढली, पेपरमध्ये गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे उघडून बघायची वेळ येत नाही. जुन्या पेपरांच्या तयार पिशव्याही त्या विकतात, सभासदांनीच केलेल्या. घ्या की, आपल्या घरातली ती गोष्ट दुसऱ्या बाईच्या उघड्या हातात का जावी?

तुलना करायची तर आधी आम्ही दुसऱ्या शहरात राहायचो, तिथं एका ठेकेदाराची गाडी यायची, गाणं वाजायचं, ओला-सुका आम्ही वेगळा करून द्यायचो आणि तो डोळ्यांदेखत एकाच ढिगात. तक्रार करायची तर ड्रायव्हर दर महिन्याला नवीन. इथं तीच ताई चार वर्षं येते, कोणाकडे बाळ झालंय, कोण गावी गेलंय सगळं तिला माहीत, आणि आली नाही तर कोणाला विचारायचं तेही माहीत आहे.

कोणासाठी नाही ही सेवा? ज्यांना कचरा बाहेर ठेवून विसरून जायचंय त्यांच्यासाठी नाही. थोडं काम तुमच्याकडेही येतं. आणि घरातला राडारोडा, फुटक्या टाइल्स वगैरे तिच्या बकेटमध्ये टाकू नका, तो कचरा वेगळा. जुने कपडे, फर्निचर, ई-कचऱ्यासाठी त्यांची व्ही-कलेक्ट नावाची वेगळी गोळा करायची सोय असते, तिथं द्या.

पाचपैकी पाच देतोय. हो आणि फुटलेली काच पेपरात बांधून वर मोठ्या अक्षरात 'काच' लिहा, पिशवीला गाठ मारून नुसती खाली ढकलू नका.