मोहीगन सन अरीना: खेळ बघायला डोळे झाकून जा, पण वाट जुगारातून आहे

ग्लास्टनबरीहून रूट २ धरला की कोलचेस्टर, नॉर्विच मागे टाकत पाऊण-एक तासात कनेटिकटमधलंच अंकसव्हिल येतं. मार्चचा पहिला आठवडा असतो. रस्त्याच्या कडेला काळपट पडलेल्या बर्फाचे ढीग, झाडांना अजून एक पान नाही, आणि आमच्या गाडीत थर्मासमध्ये चहा नि डब्यात तिखटामिठाच्या पुऱ्या. बिग ईस्ट या कॉलेजांच्या गटाची महिला बास्केटबॉल स्पर्धा २०२१ पासून इथल्या मोहीगन सन कसिनोच्या सभागृहात भरते आणि २०२२ पासून मी एकही वर्ष चुकवलेलं नाही. आपल्या कितीतरी घरांतल्या मुली आता शाळेच्या टीममध्ये खेळतात, त्यामुळे दर फेब्रुवारीत कुणीतरी मला विचारतंच, "अगं, पण ते कसिनोत आहे ना? मुलींना कसं न्यायचं?" म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते.

आधी सभागृहाबद्दल, कारण ते खरंच फार चांगलं आहे. २००१ साली उघडलेलं, साधारण दहा हजार माणसांचं. मोठ्या शहरांतली सभागृहं याच्या दुप्पट असतात. तिथे वरच्या रांगेत बसलं की आपण शेवटी छताला टांगलेल्या पडद्यावरच सामना बघतो. इथे मी स्वस्तातल्या वरच्या रांगेतही बसले आहे आणि तिथूनही बुटांचा फरशीवरचा कचकच आवाज ऐकू येतो, बचावात उभ्या मुलींनी एकमेकींना दिलेल्या हाका ऐकू येतात. मी नाशिकला शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर पॉइंट गार्ड म्हणून खेळायचे. गार्डचा अर्धा खेळ आवाजाचा असतो. "स्क्रीन डावीकडून!" हे वेळेत ओरडलं नाही तर मैत्रीण जाऊन आपटते. टीव्हीवर हे काही कळत नाही, इथे कळतं.

स्पर्धेचं गणित सोपं आहे. अकरा संघ, चार दिवस, दहा सामने. शुक्रवारी तीन, शनिवारी चार, रविवारी दोन उपांत्य आणि सोमवारी अंतिम. एकच दिवस जमत असेल तर शनिवार धरा. महिलांच्या कॉलेज सामन्यात दहा-दहा मिनिटांचे चार डाव असतात (पुरुषांच्या कॉलेज सामन्यात वीस-वीस मिनिटांचे दोन), त्यामुळे लहान मुलांनाही मध्ये मध्ये उठायला मिळतं. पार्किंग फुकट आहे. जेवायला आतच न्यू हेवनच्या फ्रँक पेपेची शाखा आहे. १९२५ पासूनचा पिझ्झावाला तो. त्याचा मोझरेला न घातलेला साधा टोमॅटोचा पिझ्झा शाकाहारी माणसाने नक्की घ्यावा. कडा करपल्यासारख्या काळ्या दिसतात, पण तो तसाच असतो, परत पाठवू नका.

आणि प्रेक्षक. महिला बास्केटबॉलला इतके जाणते प्रेक्षक मी दुसरीकडे पाहिलेले नाहीत. यूकॉनने म्हणजे आमच्या कनेटिकट विद्यापीठाने महिलांची बारा राष्ट्रीय विजेतेपदं जिंकली आहेत. पहिलं १९९५ चं, बारावं २०२५ चं. जीनो ऑरिएमा १९८५ पासून इथे प्रशिक्षक आहेत. चाळीस वर्षं एक माणूस एकाच ठिकाणी शिकवतो, तेव्हा त्याच्याबरोबर प्रेक्षकही शिकतात. गेल्या तीन वर्षांत दोनदा माझ्या शेजारच्या खुर्चीत एकच आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. निळा स्वेटर, मांडीवर शाळेत असते तशी वही, आणि हातात पेन्सिल. वहीत त्यांनी स्वतः रेघा मारलेल्या असतात. डावीकडे खेळाडूंचे नंबर, पुढे टाकलेल्या बास्केटसाठी उभी रेघ, चुकलेल्या फ्री थ्रोसाठी रिकामा गोल, फाउलसाठी फुली. पाचवी फुली पडली की त्या नंबरावर आडवी रेघ ओढतात आणि ती मुलगी बाकावर जाऊन बसेपर्यंत टाळ्या वाजवतात. मग ती कुठल्या का संघाची असेना.

आता वाटेबद्दल. गाडी लावून सभागृहापर्यंत जायला कसिनोतून चालावं लागतं. आम्हाला तरी दुसरा रस्ता सापडलेला नाही. एकवीस वर्षांखालच्यांना खेळायच्या जागी जाता येत नाही, मधल्या वाटेवरून मोठ्यांबरोबर चालता येतं. २०२५ च्या मार्चमध्ये माझ्या सासूबाई आमच्याकडे होत्या, त्यांना आम्ही उपांत्य सामन्याला नेलं. एका हाताने मी त्यांचा दंड धरलेला, दुसऱ्या हाताला लेक. वरती ताऱ्यांचा घुमट, मध्ये आतून उजळलेला ऑनिक्स दगडाचा डोंगर, एका बाजूला धबधबा. आई थांबल्याच. "गणपतीत मोठ्या मंडळांची आरास असते तसं केलंय गं सगळं," म्हणाल्या. दोन पावलं पुढे गेल्यावर त्यांना स्लॉट मशीनच्या रांगा दिसल्या. प्रत्येक यंत्रासमोर एकेक माणूस, मान वर नाही, शेजारच्याशी बोलणं नाही.

"ही माणसं कुणाशी खेळतायत?"

"यंत्राशी, आई."

"समोर कुणीच नाही?"

मी नाही म्हटलं. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नातीचा हात स्वतःकडे घेतला.

आईंचं तिथे चुकलं असं मी म्हणणार नाही. पण या जागेचा दुसरा भागही मला तितकाच महत्त्वाचा वाटतो आणि तो सांगितल्याशिवाय हा अभिप्राय पुरा होणार नाही. हे सभागृह मोहीगन जमातीचं आहे. इथल्या थेम्स नदीच्या (लंडनची नव्हे) काठी त्यांचे पूर्वज इंग्रज येण्याआधीपासून होते. अमेरिकेच्या सरकारने त्यांना जमात म्हणून मान्यता दिली ती १९९४ साली, म्हणजे काल-परवा. त्यानंतर दोनच वर्षांत, १९९६ च्या ऑक्टोबरमध्ये कसिनो उघडला. ज्या जागेवर तो उभा आहे तिथे आधी नौदलाच्या अणुभट्ट्यांसाठी इंधन बनवणारा कारखाना होता. स्लॉट मशीनच्या उत्पन्नातला २५ टक्के वाटा राज्य सरकारला जातो, म्हणजे आमच्या शाळा-रस्त्यांच्या पैशांतही ती यंत्रं आहेत. आणि २००३ मध्ये ऑरलँडोचा डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे महिलांच्या व्यावसायिक लीगचा संघ बंद पडायच्या बेतात होता, तेव्हा तो विकत घेऊन याच सभागृहात आणला तोही याच जमातीने. पुरुषांच्या एनबीए संघाचा मालक नसताना महिलांचा संघ घेणारे ते पहिलेच. व्यावसायिक संघाची मालकी असलेली पहिली आदिवासी जमातही हीच. महिला बास्केटबॉलवर पैसा लावायला भलेभले तयार नव्हते, त्या दिवसांतली ही गोष्ट आहे. माझी लेक आज ज्या खुर्चीत बसून खेळ बघते ती खुर्ची कुणी दिली, हे मी विसरू शकत नाही.

मग अडचण कुठे आहे? माझ्या मते ती त्या यंत्रांच्या रांगेत नाही. ती रांग दिसते, टाळता येते. अडचण खिशात आहे.

२०१८ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने खेळांवरच्या सट्ट्याला देशभर रोखून धरणारा कायदा रद्द केला. कनेटिकटमध्ये २०२१ च्या शरद ऋतूत आधी कसिनोत आणि मग ऑक्टोबरपासून फोनवर पैसे लावणं सुरू झालं. पण आमच्या राज्याने एक शहाणपणाची गोष्ट केली. राज्यातल्या कॉलेजच्या संघाच्या सामन्यावर इथे पैज घेता येत नाही. चार किंवा अधिक संघांची स्पर्धा असेल तर शेवटी ती कोण जिंकेल यावर लावता येते, एकेका सामन्यावर नाही. म्हणजे यूकॉनचा उपांत्य सामना कसिनोच्या पोटात चालू असतो आणि त्या सामन्यावर त्या छताखाली कायद्याने एक डॉलरही लावता येत नाही.

याचा फरक किती पडतो ते मला दुसऱ्या एका राज्यात कळलं. तिथल्या एका सभागृहात आम्ही सुट्टीत कॉलेजचा सामना बघायला गेलो होतो. निकाल कधीच लागलेला, वीसएक गुणांचा फरक, दीड मिनिट बाकी. हरणाऱ्या संघाची एक मुलगी फ्री थ्रोच्या रेषेवर उभी. पहिला चुकला. माझ्या मागच्या रांगेतला तिशीतला माणूस ताडकन उठला आणि तिचं नाव घेऊन इतकं घाण बोलला की माझ्या लेकीने मान खाली घातली. हातातला फोन तो मित्राला दाखवत होता. त्याने त्या मुलीच्या गुणांवर पैज लावलेली, आणि त्या आकड्याला एकच गुण कमी होता. तिचा संघ जिंकला काय, हरला काय, त्याला घेणंदेणं नव्हतं. ती एकोणीस-वीस वर्षांची असेल. दुसरा थ्रोही चुकला. परत धावताना तिने प्रेक्षकांकडे एकदाच पाहिलं, नेमकं आमच्याच बाजूला.

लहानपणी पंचवटीत आमच्या शेजारी एक काका होते. पगाराच्या दिवशी ते आधी पानाच्या टपरीवर जायचे, मग घरी. ओपनला काय आलं, क्लोजला काय येणार, एवढंच बोलणं. महिनाअखेर काकू वाटीभर तांदूळ मागायला यायच्या आणि माझी आई काही न विचारता दोन वाट्या द्यायची. मटक्याने एका घराचा किती सत्यानाश होतो ते मी भिंतीपलीकडून ऐकलं आहे. पण मटक्यातल्या आकड्याला तोंड नव्हतं. आकडा चुकला म्हणून काकांनी कुणा मुलीला शिवी घातली नाही. फोनवरच्या या पैजेत आकड्याच्या जागी हाडामांसाची पोरगी उभी केली आहे. तिचे गुण किती, रिबाउंड किती, यावर पैसे. आणि ज्याला खेळाडूला विकत घ्यायचं आहे त्याच्यासाठी हीच सगळ्यात सोपी जागा आहे. सामना हरवायला पाच जणी लागतात, स्वतःचे दोन शॉट चुकवायला एकच पुरते. एनबीएने २०२४ च्या एप्रिलमध्ये जॉन्टे पोर्टर या खेळाडूवर कायमची बंदी घातली ती अशाच प्रकारात. तो तर पगारी व्यावसायिक होता. वसतिगृहात राहणाऱ्या पोरांचं काय? १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचा नाव कमावलेला संघ पैसे घेऊन गुणांचा फरक मुद्दाम कमी ठेवल्यामुळे धुळीला मिळाला होता. तेव्हा त्यासाठी बुकीला कुणाला तरी गाठावं लागायचं. आता बाजार चोवीस तास प्रत्येकाच्या हातात आहे.

ओहायो, मेरीलँड, लुइझियाना, व्हरमाँट या राज्यांनी कॉलेजच्या एकेका खेळाडूवरच्या पैजा बंद केल्या आहेत. कॉलेजच्या खेळांची देशभरची संघटना एनसीएए, तिचे अध्यक्ष चार्ली बेकर २०२४ पासून सगळ्या राज्यांकडे हेच मागत आहेत. माझंही तेच मागणं आहे आणि ते मी आमच्या आमदारबाईंना पत्राने कळवलं आहे. यूकॉनच्या मुलींना जे संरक्षण कनेटिकटमध्ये मिळतं ते व्हिलानोव्हाच्या, क्रेटनच्या, जॉर्जटाउनच्या मुलींनाही मिळायला हवं. त्या आमच्याच राज्यात येऊन खेळतात, पाहुण्या म्हणून.

जॉर्जटाउनचं नाव निघालं म्हणून सांगते. २०२४ चा अंतिम सामना मी जन्मात विसरणार नाही. त्या संघाच्या प्रशिक्षक ताशा बट्स हंगाम सुरू व्हायच्या आधी, २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये स्तनाच्या कर्करोगाने गेल्या. एक्केचाळीस वर्षांच्या होत्या. संघावर त्यांना एकही सामना घेता आला नाही. त्या पोरी वर्षभर तशाच खेळल्या आणि बिग ईस्टच्या अंतिम फेरीत आल्या, जॉर्जटाउनच्या इतिहासात पहिल्यांदाच. समोर यूकॉन, त्यांची पेज बेकर्स ऐन भरात. निकाल ७८-४२. आकडा बघून वाटेल एकतर्फी कंटाळवाणा सामना झाला असेल. पण शेवटच्या डावात, छत्तीस गुणांनी हरताना, त्यांची एक मुलगी मोकळ्या चेंडूसाठी आमच्यासमोर पालथी पडली. चेंडू बाहेर गेला. तिच्या कोपराला खरचटलं होतं, लाकडी फरशीवर घामाचा लांब ओघळ उठला. पुसायला आलेल्या पोराच्या हातातलं फडकं घेऊन तो तिनेच पुसला आणि धावत बचावाला गेली.

शेजारच्या आजींनी वही चाळली. अशा धडपडीसाठी त्यांच्या रकान्यांत जागाच नव्हती. थोडा वेळ पेन्सिल तशीच धरून बसल्या. मग त्या मुलीच्या नंबराशेजारी समासात एक चांदणी काढली आणि वही माझ्या लेकीपुढे सरकवली. उरलेली तीन मिनिटं तिने लिहिली. उभ्या रेघा जरा वाकड्या आल्या.