ऋण आयनांची घनता मोजण्यासाठी लेझर-प्रोब की कॅव्हिटी रिंग-डाउन?

ऑक्सिजन, क्लोरीन किंवा हायड्रोजनच्या कमी दाबाच्या रेडिओ वारंवारता प्लाझ्मात (आयन आणि सुटे इलेक्ट्रॉन यांनी भरलेल्या वायूत) ऋण आयन, म्हणजे जादा इलेक्ट्रॉन घेतलेले अणू किंवा रेणू, आतच कोंडलेले असतात, कारण प्लाझ्माचे विभव भोवतालच्या भिंतींपेक्षा धन असते आणि भिंतीलगतच्या आवरणातील विद्युत क्षेत्र त्यांना मागे लोटते. भिंतीवर पोचणाऱ्या प्रवाहावरून त्यांचा पत्ता लागत नाही. घनता प्लाझ्माच्या आतच मोजावी लागते. प्रयोगशाळेत नवी मांडणी उभारणाऱ्यासमोर मुख्यतः दोन मार्ग असतात, आणि त्यांतली निवड वायू कोणता व प्रश्न कोणता यावर ठरवावी, उपकरणाच्या नावीन्यावर नव्हे.

केवळ लँगम्युअर प्रोबवर, म्हणजे प्लाझ्मात घालून प्रवाह मोजणाऱ्या बारीक तारेवर, काम भागेल, ही आशा आधीच सोडलेली बरी. धन आयनांच्या घनतेतून इलेक्ट्रॉनांची घनता वजा केली की ऋण आयन उरतात, हे तत्त्वतः खरे आहे; पण ऋण आयन एकूण ऋणभाराच्या दहा टक्के असतील आणि प्रोबची अनिश्चितता वीस टक्के असेल, तर त्या वजाबाकीला अर्थ राहत नाही. शिवाय बॉइड आणि थॉम्पसन यांनी १९५९ मध्ये दाखवल्याप्रमाणे, आवरणाच्या कडेवरचा धन आयनांचा वेगच ऋण आयनांच्या प्रमाणावर आणि तापमानावर अवलंबून असतो. म्हणजे जे शोधायचे तेच गृहीत धरावे लागते.

पहिला खरा मार्ग म्हणजे लेझर फोटोडिटॅचमेंट, शीर्षकातला लेझर-प्रोब. मार्त बाकाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील एकोल पॉलितेक्निकमध्ये १९७९ मध्ये तो हायड्रोजनसाठी मांडला. काही नॅनोसेकंदांचा लेझर स्पंद ऋण आयनाचा जादा इलेक्ट्रॉन सोडवतो, आणि त्या स्पंदाच्या वाटेत असलेल्या, प्लाझ्मा विभवाहून धन ठेवलेल्या प्रोबवर इलेक्ट्रॉन प्रवाह क्षणभर उसळतो. या उसळीचे मूळ प्रवाहाशी असलेले गुणोत्तर हेच ऋण आयन आणि इलेक्ट्रॉन यांच्या घनतांचे गुणोत्तर असते. हायड्रोजनच्या ऋण आयनातील इलेक्ट्रॉन ०.७५ इलेक्ट्रॉन-व्होल्टने बांधलेला असल्याने एनडी-याग लेझरची मूळ १०६४ नॅनोमीटर तरंगलांबी पुरते. ऑक्सिजनच्या अणुआयनाला १.४६ लागतात, म्हणून ५३२ नॅनोमीटर; क्लोरीनला ३.६१, म्हणून २६६. या फरकाचा एक सुंदर उपयोग असा, की ऑक्सिजनमध्ये १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश फक्त रेणुआयनाचा इलेक्ट्रॉन सोडवतो, तर ५३२ दोन्हींचा; त्यामुळे दोन्ही मापे घेऊन ते आयन वेगळे काढता येतात.

मात्र लेझरची ऊर्जा पुरेशी आहे ना, हे तपासावेच लागते. वाटेतल्या सुमारे ९५ टक्के आयनांचे इलेक्ट्रॉन सुटण्यासाठी हायड्रोजनला दर चौरस सेंटिमीटरला अंदाजे १६ मिलिजूल लागतात, तर ऑक्सिजनच्या अणुआयनाचा काटछेद (प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटण्याची शक्यता सांगणारे माप) लहान असल्याने ५३२ नॅनोमीटरला तोच आकडा १७० च्या आसपास जातो. ऊर्जा वाढवत नेल्यावर संकेत सपाट होत नसेल, तर आलेले गुणोत्तर वापरू नये. दुसरी तपासणी आर्गॉनमध्ये करावी: तिथे ऋण आयन नसतात, त्यामुळे उसळी दिसलीच तर ती प्रोबच्या टोकावरचा पदार्थ लेझरने उडाल्यामुळे आलेली आहे. प्रोबच्या परिपथात १३.५६ मेगाहर्ट्झचा गोंगाट अडवणारी, पण मायक्रोसेकंदांचा स्पंद जाऊ देणारी गाळणीही हवी.

दुसऱ्या मार्गात, म्हणजे कॅव्हिटी रिंग-डाउनमध्ये, प्रोब आत घालावा लागत नाही. प्लाझ्माच्या दोन बाजूंना अत्यंत परावर्तक आरसे ठेवून त्यांच्यामधला प्रकाश किती वेळात विझतो हे मोजतात; ऋण आयनांचे इलेक्ट्रॉन सोडवण्यात प्रकाश खर्ची पडतो, म्हणून ते आयन जितके जास्त, तितका तो लवकर विझतो. एक मीटर अंतर आणि ९९.९९ टक्के परावर्तन असेल, तर रिकाम्या पोकळीत हा काळ सुमारे ३३ मायक्रोसेकंद असतो. हायड्रोजनच्या ऋण आयनांची घनता दर घनमीटरला १० चा १७ वा घात आणि प्लाझ्मातील वाट ३० सेंटिमीटर असेल, तर तो जवळजवळ निम्मा होतो. घनता शंभरपट कमी असेल, तर बदल एका टक्क्यावर येतो, आणि आरशांची मांडणी किंचित हलली तरी तो बुडून जातो.

म्हणूनच सीझियम (एक धातू) घातलेल्या, हायड्रोजनचे ऋण आयन पुरवणाऱ्या दाट स्रोतांसाठी मी नि:शंकपणे रिंग-डाउन सुचवतो. गांधीनगरच्या इन्स्टिट्यूट फॉर प्लाझ्मा रिसर्चमधील रॉबिनसारखे, १ मेगाहर्ट्झवर १०० किलोवॅटपर्यंत चालणारे स्रोत या वर्गातले. तिथे प्रोबवर सीझियम बसते आणि त्याला उष्णताही सोसावी लागते. या पद्धतीत मिळते ती संपूर्ण वाटेवरची सरासरी, आणि आरसे स्वच्छ ठेवण्याचे काम कायमचे मागे लागते.

ऑक्सिजन किंवा क्लोरीनच्या लहान, १३.५६ मेगाहर्ट्झच्या कक्षासाठी मात्र कौल उलटा आहे. मध्यापासून कडेपर्यंत घनता कशी बदलते, किंवा रेडिओ शक्ती बंद केल्यावर इलेक्ट्रॉन निघून जाऊन केवळ आयनांचा प्लाझ्मा कधी उरतो, हे प्रश्न असतील, तर जागा आणि क्षण दोन्ही नेमके पकडणारी फोटोडिटॅचमेंटच हवी. रिंग-डाउनमध्ये प्रकाशाचे प्रत्येक विझणे वीस-तीस मायक्रोसेकंदांवर पसरते. निधी एकाच मोठ्या खरेदीला पुरत असेल, तर वारंवारता दुप्पट (क्लोरीनसाठी चौपट) करण्याची सोय असलेला एनडी-याग लेझर आधी घ्यावा, कारण पुढे आरसे आणि शोधक जोडून तोच रिंग-डाउनसाठीही वापरता येतो.