सराफी भिंग आणि खिशातला वजनकाटा: नाण्याचा डाग की टांकसाळीची चूक?

टांकसाळीत चुकून वेगळे उमटलेले नाणे आणि नंतर रंग बदललेले नाणे यांतला फरक नुसत्या डोळ्यांना नेहमी कळत नाही, म्हणून गेल्या वर्षी मी दहापट मोठे दाखवणारे घडीचे सराफी भिंग आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा वजनकाटा असा संच ऑनलाइन मागवला. भिंगाबद्दल मी पूर्ण समाधानी आहे. काट्याबद्दल तसे म्हणवत नाही.

भिंगाचा खरा कस लागला तो फेब्रुवारीत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात. एका विक्रेत्याने पाच रुपयांचे निकेल-पितळी नाणे 'तांब्याच्या चकतीवर उमटलेले' म्हणून पुढे केले आणि त्याचे आठशे रुपये सांगितले. रंग खरोखरच तांबूस होता. भिंगाखाली मात्र सिंहांच्या आयाळीच्या खाचांत आणि अक्षरांच्या मुळाशी ती लाली साचलेली दिसली, तर झिजलेल्या उंचवट्यांवर पिवळे पितळ उघडे पडले होते. चकतीच तांब्याची असती, तर झिजलेल्या जागीही तांबेच दिसले असते. आम्लाने किंवा खाऱ्या ओलीने पितळातले जस्त आधी निघून जाते आणि वर तांबे उरते, तसा हा प्रकार होता. आपल्याकडच्या, गोव्यातल्या जुन्या पेट्यांत १९५८ च्या सुमाराची, एस्कुदो या पोर्तुगीज चलनाच्या काळातली ब्राँझची ३० सेंताव्हुशची (सेंताव्हु म्हणजे एस्कुदोचा शंभरावा भाग) नाणी सापडतात. कोणी ती आमसुलाने घासलेली असली की तीही अशीच गुलाबी दिसतात.

खऱ्या चुकीत धातूची घडणच बदललेली असते. नाणे पाडायच्या ठशाला तडा गेला असेल तर धातू त्या फटीत शिरून नाण्यावर उंच रेघ उठते. नंतर पडलेला ओरखडा खोलगट असतो आणि त्याच्या कडांना सरकलेला धातू दिसतो. हा भेद दहापट भिंगात स्वच्छ कळतो, त्याहून मोठ्याची गरज मला पडली नाही.

काटा मात्र दमट हवेत डळमळतो. जुलैत एकाच नाण्याचे वजन पाच मिनिटांत ५.९६ आणि ६.०५ ग्रॅम दाखवले, आणि तो जुळवून घेण्यासाठी लागणारे प्रमाण वजन संचात दिलेलेच नाही. मुलामा चढवलेल्या नाण्यात वजनाचा फरक इतका थोडा असतो की तिथे या काट्यावर भिस्त ठेवू नये.

सोबतचा निळसर दिवाही रंगाची फसगत करतो. सकाळी घराच्या सोप्यावर बसून, तिरप्या उजेडात, भिंग डोळ्याशी टेकवावे आणि नाणे हळूहळू जवळ आणावे.