सीड फंडाच्या मंजुरीपत्रापायी गेलेले १,०९,२५० रुपये

हे लिहायला मला तीन महिने लागले, कारण सरकारी अनुदानाच्या नावाखाली झालेल्या फसवणुकीचा विषय आता काढू नकोस असे घरच्यांनी बजावले होते आणि मलाही लाज वाटत होती. पण गेल्या आठवड्यात ओळखीच्या एका मुलीने अगदी तसेच मंजुरीपत्र मोठ्या आनंदाने मला दाखवले, आणि त्यानंतर गप्प बसणे मला जमले नाही.

मी आणि माझी जाऊ तासगावचे बेदाणे आणि सांगलीची हळद ऑनलाइन विकतो. दीड वर्षात नेहमीचे गिऱ्हाईक जमले होते. मात्र बेदाण्याच्या धंद्यात भांडवल लागते ते हंगामातच. मार्च-एप्रिलमध्ये सौद्यातून, म्हणजे लिलावातून, माल उचलून शीतगृहात ठेवला तरच दिवाळीला भाव परवडतो. बँकेने तारण आणि दोन वर्षांची विवरणपत्रे मागितली, आणि आमच्याकडे दोन्ही नव्हते. त्याच आठवड्यात समाजमाध्यमावरच्या एका जाहिरातीतला अर्ज मी भरला आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला.

बोलणारा स्वच्छ मराठी बोलत होता, मला ताई म्हणत होता, आणि आमच्या पाकिटांची वजने व दर त्याला तोंडपाठ होते. त्याने सांगितलेली योजना खोटी नव्हती, हे मला आवर्जून सांगायचे आहे. नवउद्योगांना सुरुवातीचे भांडवल देणारी केंद्र सरकारची स्टार्टअप इंडिया सीड फंड योजना २०२१ साली खरोखरच सुरू झाली आणि तिच्यात सुरुवातीच्या टप्प्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूदही आहे. मी ते शोधून पाहिले, आकडा जुळला, आणि तेवढ्यावर विश्वास ठेवला. तीच योजना आणखी दोन पाने वाचली असती, तर ती नोंदणीकृत कंपनी, एलएलपी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) किंवा भागीदारी संस्थेसाठी आहे आणि पैसा निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत, म्हणजे नवउद्योगांना पाठबळ देणाऱ्या संस्थेमार्फत, मिळतो, हे तिथेच कळले असते. आमचा व्यवसाय माझ्या एकटीच्या नावावर, प्रोप्रायटरशिपचा. म्हणजे जे अनुदान आम्हाला मिळूच शकत नव्हते, त्याचे मंजुरीपत्र माझ्या हातात होते.

आधी नोंदणी शुल्क म्हणून जीएसटीसह २,९५० रुपये घेतले. मग प्रकल्प अहवालाचे ११,८००. मग विम्याचे ३४,५००. शेवटी, अनुदान खात्यात जमा होताच परत मिळेल अशा सुरक्षा ठेवीचे ६०,०००. त्यासाठी सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या गहाण ठेवून पैसे दिले.

त्या शेवटच्या व्यवहाराचा क्षण माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. यूपीआयचा पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचे नाव येते. तिथे कोणत्याही सरकारी विभागाचे किंवा संस्थेचे नाव नव्हते. एका साध्या माणसाचे नाव आणि आडनाव होते. मी ते वाचले. माझे बोट थांबले. मी फोन करून विचारले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "ताई, ते आमचे नोडल अधिकारी आहेत, हंगाम निघून जाईल, उशीर करू नका." आणि मी पिन टाकला. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, बारा वर्षे दुसऱ्यांचे हिशेब लिहिले आहेत. सरकारी पैसा माणसाच्या खाजगी खात्यातून फिरत नाही हे मला कळत नव्हते असे कोणी समजू नये. कळत होते, पण त्या दिवशी शीतगृहाची जागा राखून ठेवण्याची शेवटची तारीख होती आणि मला ते कळून घ्यायचे नव्हते. पडद्यावरचे नाव वाचा, आणि ते जुळत नसेल तर फोन खाली ठेवा. त्याच माणसाला खुलासा विचारू नका.

नऊ दिवसांनी करापोटी आणखी ४८,००० मागितले, तेव्हा जावेच्या भावाने योजनेचे नियम काढून वाचले आणि सगळे उघडे पडले. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या मदत क्रमांकावर मी त्या दिवशी फोन केला. तो पहिल्या तासातच करायला हवा होता, कारण पैसे दुसऱ्या खात्यात वळवायला या लोकांना वेळ लागत नाही. गोठवता आले ते केवळ ६,१४० रुपये.

पुढचा अनुभव फसवणुकीपेक्षा कमी संतापजनक नव्हता. पोलीस ठाण्यातून मला सायबर शाखेकडे पाठवले, सायबर शाखेने परत ठाण्याकडे, आणि खाते परराज्यातले असल्याने तक्रार तिकडेच करा असेही ऐकवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीच्या कारणावरून नाकारता येत नाही, हे मी छापून नेले. समोरच्या अंमलदाराने कागद न वाचताच बाजूला ठेवला आणि "एवढ्या शिकलेल्या बाईने पैसे पाठवलेच कसे?" असे चार माणसांदेखत विचारले. गुन्हा दाखल झाला तो सतराव्या दिवशी, वरिष्ठांकडे लेखी अर्ज दिल्यावर. बँकेने तर पिन तुम्हीच टाकला होता, एवढे एकच वाक्य तीन पत्रांत लिहून पाठवले. तोंडी काहीही सांगू नका. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या.

हेही लिहून ठेवा की सीड फंडाच्या अर्जाला शुल्क नाही, उद्यम नोंदणी मोफत आहे, आणि छोट्या व्यवसायांसाठीचे मुद्रा कर्ज थेट बँकेकडे मागता येते, त्यासाठी कोणी दलाल नेमलेला नाही. मंजुरीआधी कोणीही एक रुपया मागितला, तरी तिथेच थांबा.

परवा आणखी एक फोन आला. गेलेले पैसे परत मिळवून देतो, त्यासाठी ५,००० रुपये भरा, असे सांगणाऱ्या त्या माणसाकडे माझ्या तक्रारीचा क्रमांक होता. तो क्रमांक त्याच्यापर्यंत कसा पोहोचला, हा प्रश्न मी काल ठाण्यात लेखी दिला आहे; पोच घेतली आहे, उत्तर अजून आलेले नाही.