डोंगरवाट: पहाटे निघावं की ऊन कलल्यावर?

वाट तीच, अंतर तेच. पण पहाटे निघालेला वाट चुकला तर पुढे उजाडत जातं, आणि दुपारी चारला निघालेला चुकला तर अंधारून येतं. वाट नवखी असेल तर माझ्या लेखी निकाल इथेच लागला.

म्हणून पहाट सोपी असते असं नाही. रात्रभर आडवं राहून अंग आखडलेलं असतं, तेव्हा पहिली पंधरावीस मिनिटं मुद्दाम रमतगमत चालावं. दवाने दगड निसरडे झालेले असतात, आणि सगळ्यात पुढे चालणाऱ्याच्या तोंडावर कोळ्यांची जाळी येतात ती वेगळीच. खरी फसगत हेडटॉर्चने होते. उजेड डोळ्यांच्या जवळूनच पडतो, त्यामुळे सावल्या दिसत नाहीत आणि खड्डासुद्धा सपाट वाटतो. अंधारात उतार लागला की मी टॉर्च काढून कमरेशी धरतो. लगेच एकेक खडा उठून दिसतो. आणखी एक, गारठा मध्यरात्रीपेक्षा सूर्योदयाच्या सुमारास जास्त असतो. चढताना घाम येईल म्हणून जॅकेट गाडीत टाकून जाऊ नका, माथ्यावर थांबलात की हुडहुडी भरते.

दुपारनंतर अंग मोकळं असतं, दगड कोरडे असतात, झोपमोड नाही. पण उष्मा बाराला कमाल गाठत नाही, त्यानंतर दोनतीन तासांनी गाठतो. गडगडाटी ढगही बहुधा दुपारीच चढतात. शिवाय वेळेचा हिशेब फार घट्ट बसतो. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये दिलेला ठोकताळा असा: 5 किलोमीटरला एक तास, आणि दर 600 मीटर चढाईला वर एक तास. जाऊन-येऊन 8 किलोमीटर आणि 600 मीटर चढ धरला तर दोन तास छत्तीस मिनिटं होतात, तीही कुठे न टेकता. चारला निघून साडेसहाला सूर्य मावळणार असेल तर गणित आधीच चुकलंय. हात लांब करून सूर्य आणि क्षितिज यांच्यामध्ये आडवी बोटं मोजा, एका बोटाला सूर्यास्तापर्यंतची साधारण पंधरा मिनिटं. समोर डोंगराची धार असेल तर सूर्य त्याआधीच गडप होतो.

ओळखीची, तासाभराची वाट असेल तर मात्र संध्याकाळच घ्या. टॉर्च तरीही सॅकमध्ये हवीच.

राहिलं खाणं. पहाटे केळं किंवा मूठभर सुकामेवा पुरतो. कुणी दुपारी स्टेक (भाजलेल्या मांसाचा जाड तुकडा) खायला बोलावलं, तर त्या दिवशी पहाटेच डोंगर उरका. चरबी आणि प्रथिनांचं जड जेवण पोटात तासन् तास रेंगाळतं, आणि ते घेऊन चढ चढणं म्हणजे सॅकमध्ये दगड भरण्यासारखंच. उतरून आल्यावर मात्र दुसरा तुकडाही मागून घ्या.