दोन मोटरचं विमान: प्रॉप एकाच दिशेला की एकमेकांच्या उलट?

पहिलंच दोन मोटरचं आरसी (रेडिओ रिमोटवर उडणारं) मॉडेल बांधताय आणि प्रॉप, म्हणजे पुढचे पंखे, कुठल्या बाजूला फिरवायचे यावर अडलाय? मग आधी विमान ग्लो इंजिनचं (इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनचं) आहे की बॅटरीचं ते सांगा. ग्लो असेल तर प्रश्न जवळपास मिटलाच. बाजारातली बहुतेक इंजिनं एकाच दिशेला फिरणारी असतात, उलटी फिरवायची तर क्रँकशाफ्टच (इंजिनचा फिरणारा दांडाच) वेगळा लागतो. दोन्ही एकाच दिशेला ठेवा, दोन-तीन अंश उजवा थ्रस्ट द्या (इंजिनांचं तोंड तेवढं उजवीकडे वळवा) आणि बांधकाम पुढं न्या.

बॅटरीवाल्यांना मात्र निवड आहे. ब्रशलेस मोटरच्या तीन वायरींपैकी कुठल्याही दोन अदलाबदल केल्या की मोटर उलटी फिरते.

आपण सोलापूरची माणसं, सुताचा पीळ आपल्याला समजावून सांगावा लागत नाही. एकेरी सुताला ज्या बाजूचा पीळ, दुहेरी करताना त्याच्या उलट पीळ देतात, नाहीतर मोकळा सोडलेला धागा स्वतःभोवती वळून बसतो. विमानाचं तसंच आहे. मागून पाहताना प्रॉप घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल, तर विमान डावीकडे कलू पाहतं. दोन्ही प्रॉप तसेच असले की हा पीळ दुप्पट, उलट जोडी लावली की एकमेकांत जिरून जातो. शेपटीला चाक असलेल्या, मोठ्या प्रॉपच्या मॉडेलला एकदम थ्रॉटल दिलं की फरक धावपट्टीवरच कळतो. दुसऱ्या महायुद्धातल्या मॉस्किटो या ब्रिटिश विमानाची दोन्ही इंजिनं एकाच दिशेला फिरायची आणि उड्डाणाच्या वेळी ते डावीकडे ओढायचं, म्हणून वैमानिक डावं थ्रॉटल किंचित आधी पुढं सरकवत.

एकाच दिशेच्या प्रॉपची मोठी सोय म्हणजे सुटे भाग. एकच माप, एकच नग, दोन्हीकडे चालतो. उलटा, म्हणजे उलट्या दिशेला फिरण्यासाठीच बनवलेला प्रॉप आपल्याकडे बहुधा ऑनलाइनच मागवावा लागतो. रविवारी तो मोडला आणि जादा नसला, तर तो आठवडा विमान घरीच. फोमचं छोटं, हलकं मॉडेल असेल तर एवढ्यासाठी मी एकच दिशा ठेवीन, तिथं पीळ फारसा जाणवत नाही.

उलट जोडी ठरवली तर पुढचा प्रश्न: वरची पाती आत, म्हणजे धडाकडे वळावीत की बाहेर? आत. विमान नाक वर करून संथ उडतं तेव्हा खाली येणारं पातं जास्त ओढतं. वरून आत फिरवलं की ते पातं धडाजवळ येतं, त्यामुळे एक मोटर बंद पडली तरी विमान त्या बंद मोटरच्या बाजूला कमी वळतं. पी-38 लाइटनिंग या दोन इंजिनांच्या अमेरिकी लढाऊ विमानाचा पहिला नमुना असाच आत फिरणारा होता. गोळीबार करताना विमान स्थिर राहावं म्हणून नंतर दिशा बाहेरची केली. हुबेहूब पी-38 करायचं असेल तरच बाहेर फिरवा.

आत फिरवायचं म्हणजे उलटा प्रॉप उजव्या मोटरवर येतो आणि जपायचं ते तिथंच. नेहमीच्या दिशेला फिरणारा प्रॉप स्वतःचा नट आवळत राहतो, उलटा फिरणारा तोच नट सैल करतो. माझ्या विमानाचा उजवा प्रॉप चौथ्या उड्डाणात नटासकट निघाला. विमान उजवीकडे वळू लागलं. मी थ्रॉटल पूर्ण बंद करून ते ज्वारीच्या धसकटांत उतरवलं. पंखाखालचा फोम धसकटांनी पार फाटला, प्रॉप सापडलाच नाही. तेव्हापासून त्या बाजूला उलट्या आट्याचा अडॅप्टर, तो नसेल तर नायलॉक (आत नायलॉनचं कडं असलेला, सहजी सैल न होणारा) नट, आणि दर उड्डाणाआधी हातानं ताण बघणं.

बसवताना दोन्ही प्रॉपवरची अक्षरं पुढं, नाकाच्या दिशेला हवीत. मग विमान घट्ट धरायला सोबत्याला सांगा, थोडं थ्रॉटल द्या आणि लांब काठीला बांधलेली कागदाची पट्टी प्रत्येक प्रॉपमागं धरा. दोन्हीकडे ती मागं उडाली पाहिजे.

मध्यम किंवा जड इलेक्ट्रिक मॉडेलला माझा कौल उलट जोडीलाच. ज्वारी निघाली की रान मोकळं होतं, विमानतळापासून लांबचं शेत धरा, आणि त्याआधी दोन्ही बाजूंचे दोन-दोन जादा प्रॉप मागवून ठेवा.